शेवाळलेले दगड आणि त्यांवरील मजकूर : कणकुंबी परिसराच्या संदर्भात

आपल्या सीमाभागातील जुन्या मशिदी, दर्गे, कब्रस्ताने, मंदिरे, बसद्या आणि विहिरी यांच्याविषयी बोलताना "तिथे आता काही उरले नाही, सगळे शेवाळून गेले आहे" असे वाक्य वारंवार कानावर येते. या वाक्यात दोन गृहीतके आहेत. पहिले असे की, शेवाळ म्हणजे नाश. दुसरे असे की, शेवाळ खरवडून काढले की जुने पुन्हा हाती लागते. दोन्ही गृहीतके अर्धवट खरी आहेत, आणि त्यांतील दुसरे तर शेवाळापेक्षाही अधिक नुकसान करणारे आहे. दगडावरील लेख हे इतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन होय. ते वाचण्याचे काम तज्ज्ञांचे असले, तरी ते टिकवण्याचे काम गावातल्या शिकलेल्या माणसाचे, म्हणजे बहुतेक वेळा शिक्षकाचेच असते. म्हणून शेवाळ म्हणजे नेमके काय, ते दगडाचे काय करते आणि त्याखालच्या अक्षरांशी आपण कसे वागावे, याचा थोडक्यात परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

एक शब्द, तीन वस्तू

उर्दूत आपण 'काई' म्हणतो, मराठीत 'शेवाळ' किंवा 'शेवाळे'. दोन्ही शब्द बोलीत सैलपणे वापरले जातात. तळ्यावरचा हिरवा तवंग, पायरीवरचा निसरडा थर, भिंतीवरची मखमल आणि खडकावरचे करड्या-पांढऱ्या रंगाचे चट्टे या सर्वांना आपण एकाच नावाने ओळखतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र यांत किमान तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे शैवाल. यांना मूळ, खोड, पान काहीच नसते. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात भिंत हिरवी-काळी करणारा बुळबुळीत थर हा बहुधा यांचा, आणि त्यांच्यासारखेच दिसणाऱ्या नीलहरित जिवाणूंचा असतो. उन्हाळ्यात जुन्या भिंती काळ्याकुट्ट दिसतात, तो काळेपणाही पुष्कळदा याच वाळलेल्या थराचा असतो, धुराचा नव्हे.

दुसरी म्हणजे ज्याला शास्त्रीय पुस्तकांत 'मॉस' म्हणतात ते खरे शेवाळ. याला इवलीशी पाने असतात, पण खरी मुळे नसतात. केसासारख्या तंतूंनी ते दगडाला धरून राहते. पाणी ते अंगभर शोषते. पाणी वाहून नेणाऱ्या नलिका त्याच्या शरीरात नाहीत, म्हणूनच ते उंच वाढू शकत नाही. उन्हाळ्यात ते कोरडे होऊन मेल्यासारखे दिसते, आणि मृगाच्या सरींनी काही तासांत पुन्हा हिरवे होते. त्याचे प्रजनन पाण्यावाचून होत नाही. फलन झाल्यावर तयार होणारे बीजाणू मात्र वाऱ्याने दूरवर जातात.

तिसरी वस्तू आपल्या स्वयंपाकघरात आहे. गोडा मसाल्यातले 'दगडफूल', उर्दू पाकशास्त्रातले 'पत्थर के फूल', ती ही. ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी आहे. बुरशी आधार व ओलावा देते, शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते. दगडफुलाची वाढ अतिशय मंद असते. १९५० च्या सुमारास ऑस्ट्रियाचे रोलँड बेशेल यांनी ज्यांवर मृत्यूचे साल कोरलेले आहे अशा थडग्यांवरील दगडफुलांचे व्यास मोजले, आणि त्यावरून साल नसलेल्या दगडांचे वय अदमासण्याची पद्धत घातली. थंड प्रदेशातली ती पद्धत आपल्या मुसळधार पावसाला जशीच्या तशी लागू पडत नाही. तथापि कब्रस्तानातला दगड हा एक शास्त्रीय दस्तऐवजही असू शकतो, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

जांभा : शेवाळाचे आवडते घर

कणकुंबी हे खानापूर तालुक्यातील, सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. मलप्रभेचा उगम येथेच, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर होतो. बेळगाव शहरात वर्षाकाठी सरासरी तेराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर कणकुंबीत त्याच्या दुपटीहून पुष्कळच अधिक. पावसाळ्याचे चार महिने येथे धुके, झड आणि ओल यांचे राज्य असते. अशा हवेत उघड्यावरचा दगड कोरा राहूच शकत नाही.

त्यात या पट्ट्यातला बांधकामाचा दगड म्हणजे मुख्यतः जांभा. उष्ण व दमट हवेत मूळ खडकातील सिलिका पावसाने धुऊन जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात, त्यातून जांभा तयार होतो. खाणीत तो मऊ असतो, उघड्या हवेवर आला की कठीण होतो. त्यामुळे त्याचे चिरे सहज कापता येतात. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हा दगड पाहून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत विटेला जो शब्द आहे, त्यावरून ते घेतलेले आहे.

जांभ्याला असंख्य छिद्रे असतात. त्या छिद्रांत पाणी मुरते, धूळ साठते, बीजाणू अडकतात. म्हणजे शेवाळाला लागणारे सर्व काही हा दगड स्वतःच पुरवतो. याच छिद्रांमुळे जांभ्यावर बारीक अक्षर कोरता येत नाही. म्हणून जांभ्याच्या इमारतीत लेख कोरायचा, तर सामान्यतः काळ्या दगडाची वेगळी पाटी घडवून ती भिंतीत बसवावी लागे. हे एकदा ध्यानात आले की, जुन्या वास्तूत लेख कोठे शोधावा याचेही उत्तर मिळते. दरवाजाच्या माथ्यावर, मेहराबीच्या जवळ, किंवा भिंतीत जिथे दगडाचा रंग आणि पोत बदललेला आहे, तिथे तो शोधावा. शेवाळाच्या चादरीखालीही ही पाटी वेगळी ओळखू येते, कारण घट्ट काळ्या दगडावर शेवाळ विरळ असते आणि दगडफूल अधिक.

घाटमाथ्याच्या दोन बाजू

कणकुंबीच्या परिसरात पाण्याची वाटणी होते. मलप्रभा पूर्वेकडे वळून सुमारे ३०० किलोमीटर वाहते आणि कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. कळसा नाल्याचे पाणी मात्र पश्चिमेकडे म्हादईत, म्हणजे गोव्याच्या मांडवीत जाते. या दोन दिशांनी गेल्यास एक उद्बोधक तुलना पाहावयास मिळते.

पूर्वेस मलप्रभेच्याच काठावर पट्टदकल आहे. तेथील मंदिरांवरचे आठव्या शतकातले कन्नड लेख आजही वाचता येतात. आणखी उत्तरेस विजापूर, म्हणजे आदिलशाहीची राजधानी. तेथील फारसी-अरबी लेखांचा संग्रह मुहम्मद नाझिम यांनी केला व तो भारतीय पुरातत्त्व खात्याने १९३६ साली प्रसिद्ध केला. गोलघुमटाच्या दक्षिण दरवाजावर तीन छोटी वाक्ये आहेत. त्यांतील प्रत्येकाची अक्षरमूल्ये मिळवली असता १०६७ हे हिजरी साल येते, म्हणजे इ.स. १६५६, मुहम्मद आदिलशाहाच्या निधनाचे वर्ष.

पश्चिमेस घाट उतरून गेल्यास फोंड्याची सफा मशीद आहे. तीही आदिलशाही काळातलीच, सामान्यतः १५६० ची मानली जाणारी. ती जांभ्याची आहे. तिच्या लगतच्या हौदाच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे आहेत. पावसाळ्यात हौदाच्या चिऱ्यांवर शेवाळ आणि नेचे यांची गर्दी होते. सत्ता तीच, काळ जवळपास तोच, पण विजापुरात पाचशे-सहाशे मिलीमीटर पाऊस आणि येथे सुमारे तीन हजार. घाटातल्या आणि कोकणपट्टीतल्या माणसांनी कमी बांधले किंवा कमी लिहिले असे नव्हे. त्यांनी लिहिलेले टिकायला हवामान अनुकूल नव्हते, हे इतिहास शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. पुराव्याचा अभाव म्हणजे वस्तीचा किंवा संस्कृतीचा अभाव नव्हे.

मराठीच्या बाबतीतही हेच घडले आहे. अलिबागजवळचा अक्षीचा शिलालेख शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो आणि आद्य मराठी लेखांत त्याची गणना होते. हा दगड अनेक वर्षे किनाऱ्यावरच्या पावसात रस्त्याकडेला उघडा होता. त्याच्या काळाच्या वाचनाबाबत अभ्यासकांत मतभेद झाले, हे मराठीच्या अध्यापकांना ठाऊक आहेच.

दोन्ही टोकांच्या मध्ये बेळगाव आहे. येथील किल्ल्यातील सफा मशीद फारसी लेखानुसार १५१९ साली असदखान लारी याने बांधली. तिच्यात रट्ट राजवटीतील आणि यादव कृष्णाच्या काळातील लेख असलेले जुने स्तंभ आहेत. त्याच किल्ल्यात तेराव्या शतकाच्या आरंभीची कमल बसदी आहे. म्हणजे एका किल्ल्याचा इतिहास वाचण्यासाठी कन्नड, नागरी आणि फारसी या तिन्ही लिप्यांचे जाणकार लागतात. यांतील एका लिपीचे दगड नष्ट झाले तर बाकीच्या दोहोंचा अर्थही अपुरा राहतो.

नुक्ता गेला की साल गेले

फारसी-अरबी लिपीच्या बाबतीत दगडाची झीज विशेष घातक ठरते. कारण या लिपीत अक्षरांचा सांगाडा पुष्कळदा सारखा असतो आणि भेद केवळ नुक्त्यांचा असतो. शब्दाच्या मध्ये आलेले 'बे', 'ते', 'से', 'नून' आणि 'ये' यांचा दात एकसारखाच दिसतो. नुक्ते किती आणि वर की खाली, एवढ्यावरच वाचन ठरते.

लेखात साल अब्जद पद्धतीने दिले असेल तर प्रश्न अधिकच बिकट होतो. या पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठरावीक मूल्य असते. 'बे' म्हणजे २, 'ये' म्हणजे १०, 'नून' म्हणजे ५०, 'ते' म्हणजे ४०० आणि 'से' म्हणजे ५००. 'ऐन' ७०, पण त्यावर एक नुक्ता दिला की 'ग़ैन' होऊन मूल्य १०००. वर्गात समजावण्यासाठी एक साधे उदाहरण घेता येईल. 'बाग़' या शब्दाची बेरीज २ अधिक १ अधिक १००० अशी १००३ होते. हिजरी १००३ म्हणजे इ.स. १५९४-९५. आता 'ग़ैन'वरचा नुक्ता झिजला किंवा कोणी तो घासून टाकला, तर बेरीज उरते अवघी ७३. एका टिंबाने नऊशे तीस वर्षांचा फरक पडला! अनुभवी वाचक अर्थावरून व संदर्भावरून ही चूक सावरून घेतो. पण शब्दच अर्धा गेलेला असेल तर तोही हतबल होतो.

आकड्यांची गोष्ट याहून सोपी, पण तितकीच धोक्याची. या लिपीत शून्य हे टिंबासारखे लिहिले जाते. हिजरी १०४० (इ.स. १६३०-३१) मधील दोन्ही टिंबे शेवाळाने बुजली तर दगडावर १४ एवढेच दिसेल. उलट दगडाला नैसर्गिक खळगा असेल तर नसलेले शून्य दिसू लागेल. देवनागरी आणि कन्नडमध्येही अनुस्वार, काना, मात्रा यांचे असेच होते. म्हणून लेखावरचा प्रत्येक ठिपका हा मजकुराचा भाग असू शकतो, असे समजूनच दगडाला हात लावला पाहिजे.

शेवाळ शत्रू की पांघरूण?

शेवाळ दगडाला काहीच करत नाही असे म्हणता येणार नाही. ते ओल धरून ठेवते. दगडफुलातील बुरशी सेंद्रिय आम्ले सोडते आणि तिचे तंतू दगडाच्या पृष्ठभागात काही अंशी शिरतात. शेवाळाच्या गादीत धूळ साठून मातीचा पातळ थर तयार होतो, मग त्यात नेचे आणि गवत रुजते. पुढे पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले वड-पिंपळाचे बी उगवते. खरा विध्वंस ही झाडे करतात. त्यांची मुळे सांध्यांत शिरून चिरे उचकटतात. शेवाळ या साखळीची पहिली कडी आहे, परंतु त्या कडीपासून भिंत पडेपर्यंत पुष्कळ वर्षे जातात आणि मधल्या काळात ती साखळी तोडता येते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शेवाळाचा थर पावसाचा थेट मारा झेलतो आणि उन्हातान्हाने दगड एकदम तापण्या-निवण्याला काही प्रमाणात आळा घालतो. त्यामुळे वास्तुसंवर्धनाचे आजचे अभ्यासक 'दिसला थर की काढा' असे सरसकट सांगत नाहीत. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या पथकाने १९८६ पासून काही वर्षे कंबोडियातील अंगकोर वाट येथे काम केले. तेथील दगड रसायनांनी व ब्रशांनी स्वच्छ केल्याबद्दल त्या कामावर पुढे आंतरराष्ट्रीय टीका झाली. झाडोरा हटवून आणि पडझड सावरून त्या पथकाने केलेले काम मोलाचे होते, हे खरे. पण घासलेल्या दगडाची कातडी परत येत नाही, हा धडा त्यातून सर्वांनी घ्यावा असा आहे.

आपल्याकडे उरुसाच्या किंवा जीर्णोद्धाराच्या निमित्ताने, अत्यंत श्रद्धेने आणि चांगल्या हेतूने, याहून कठोर उपाय होतात. फरशी धुण्याचे ॲसिड, तारेचा ब्रश, पॉलिशचा दगड, पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याचे यंत्र आणि शेवटी ऑइलपेंट. चार शतके शेवाळाखाली टिकलेली अक्षरे एका दुपारी जातात. सिमेंटचा गिलावा हा आणखी एक घातक उपाय. जांभ्याची भिंत ओल घेते आणि सोडते. चुन्याचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो, सिमेंट ती ओल आत कोंडते. मग क्षार फुगून दगडच भुसभुशीत होतो.

कब्रस्तानातील हिरवळ

कब्रस्तानाच्या संदर्भात आणखी एका गोष्टीचा विचार करावयास हवा. कबर पक्की बांधू नये आणि तिच्यावर लिहू नये, अशा आशयाच्या हदीसांचा आधार घेणारा प्रवाह आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्यामुळे असंख्य जुन्या कबरी नावानिशाणीविना, नुसत्या दगडांच्या चौकटीच्या आहेत. त्यांचा आदर तसाच राखावा. त्यांच्यावर आज नवी संगमरवरी पाटी बसवून ऐकीव नाव व साल कोरणे, हे इतिहासाच्या दृष्टीने अयोग्यच होय.

तसेच प्रेषितांनी दोन कबरींवर खजुराची हिरवी फांदी खोवली आणि ती ओली असेपर्यंत कबरीतल्यांचा त्रास हलका होईल अशी आशा व्यक्त केली, ही हदीस सर्वपरिचित आहे. तिच्या आधाराने, सजीव वनस्पती अल्लाहची तस्बीह करते म्हणून कबरीवरची ओली हिरवळ विनाकारण उपटू नये, असे हनफी फकीहांनी म्हटले आहे. संवर्धनशास्त्राचा आजचा सल्ला आणि ही जुनी शिकवण येथे एकमेकांजवळ येतात. ज्या दगडावर लेख नाही आणि ज्याला मोठ्या मुळांचा धोका नाही, त्यावरचे शेवाळ राहू द्यावे.

अध्यापकांना काय करता येईल?

पहिली गोष्ट, नोंद. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानंतर वक्फ मिळकतींचा तपशील केंद्रीय संकेतस्थळावर नोंदवण्याची आवश्यकता निर्माण झाली आहे. अशा वेळी वास्तूवरील जुना लेख आणि त्यातील साल यांचे महत्त्व केवळ अभ्यासापुरते राहत नाही. आपल्या परिसरातील प्रत्येक लेखयुक्त दगडाची जागा, माप, दिशा आणि आजची स्थिती वहीत लिहावी.

दुसरी गोष्ट, छायाचित्र. दगडाला स्पर्श न करता, सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन असताना, अथवा अंधारात विजेरी दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून, चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. समोरून पडणाऱ्या उजेडात सपाट दिसणारी अक्षरे तिरप्या उजेडात सावलीने उठून दिसतात. चौकटीत मोजपट्टी ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत शेवाळ वाळून आक्रसलेले असते, तो काळ सर्वांत चांगला.

तिसरी गोष्ट, नक्कल. दिसते तेवढेच लिहावे, वाटते ते नव्हे. गेलेल्या अक्षरांची जागा मोकळी सोडावी. विद्यार्थ्यांना संशोधनाची शिस्त लावण्यास याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

चौथी गोष्ट, तज्ज्ञांशी संपर्क. भारतीय पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी पुराभिलेख शाखा नागपूर येथे आहे. डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानाने दीर्घकाळ या कामाची धुरा वाहिली. संस्कृत व द्राविडी भाषांच्या लेखांचे कार्यालय म्हैसूर येथे आहे. ओल्या कागदावर शाईचा ठसा घेण्याचे काम त्यांच्याच मार्गदर्शनाखाली व्हावे. वास्तू १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित असेल, तर परवानगीशिवाय कोणतीही सफाई करू नये. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतील अवशेषांसाठी वनखात्याचीही अनुमती लागते.

पाचवी गोष्ट, पाण्याचा बंदोबस्त. शेवाळ हे लक्षण आहे, रोग नव्हे. फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ, भिंतीशी साठलेली माती यांकडे आधी पाहावे. ओल कमी झाली की शेवाळ आपोआप ओसरते. वड-पिंपळाचे रोप मात्र वीतभर असतानाच काढावे. मोठे झालेले झाड ओढून उपटू नये, चिरे निखळतात. ते कापावे आणि जाणकाराला दाखवावे.

असंरक्षित आणि भक्कम दगडावरचे शेवाळ वाचनासाठी काढणे अपरिहार्यच असेल, तर स्वच्छ पाणी, मऊ ब्रश आणि बांबूची काडी एवढीच साधने वापरावीत. आधी लेख नसलेल्या कोपऱ्यावर करून पाहावे. दगडाचे कण सुटू लागले तर तत्काळ थांबावे.

आपल्या संस्थांकडे मोठा निधी नसेल, पण उर्दू, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा जाणणारे अध्यापक आहेत. सीमाभागातले हे त्रैभाषिक सामर्थ्य इतरत्र सहसा आढळत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या तालुक्यातील एक कब्रस्तान किंवा एक जुनी वास्तू निवडावी, तिन्ही विभागांनी मिळून तिची नोंद करावी आणि तिची एक प्रत ग्रंथालयात ठेवावी. पावसाळा दरवर्षी येणार आणि शेवाळही दरवर्षी उगवणार. त्याआधी दगडावर काय होते हे कोठेतरी लिहिलेले असावे, एवढे आपल्या हाती आहे.